निजामपूरला डावं हब तापलं: आधी बेअरिंग गेलं की ब्रेक?

मुठाकाठ

नमस्कार मंडळी. मी सिंहगड रोडला राहतो. सोळा फुटी फायबरची बोट आहे, मागे 40 हॉर्सपॉवरचं इंजिन, आणि नऱ्ह्याच्या एका फॅब्रिकेटरकडून सात वर्षांपूर्वी बनवून घेतलेला सिंगल अ‍ॅक्सलचा ट्रेलर. बोट, इंजिन, पेट्रोल, नांगर सगळं धरून वजनकाट्यावर 780 किलो भरलं. ओढायला बोलेरो. ट्रेलरला मारुती 800 ची 12 इंची चाकं आणि दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक. ब्रेक ढकलण्यावर चालतात, म्हणजे गाडीने ब्रेक मारला की ट्रेलर मागून रेटतो, हुकामागचा दांडा आत सरकतो आणि केबल ओढली जाते.

गेल्या शनिवारी पहाटे पाचला निघालो. पिरंगुट, पौड, मुळशी, ताम्हिणी उतरून निजामपूर, माणगाव, म्हसळा आणि पुढे दिवेआगरच्या अलीकडे खाडीकाठी. भरती गाठायची होती, म्हणून पोचल्या पोचल्या ट्रेलर पाण्यात घातला आणि बोट सोडली. रिकामा ट्रेलर वर आणला, उतारावर हँडब्रेक ओढून उभा केला. रविवारी दुपारपर्यंत तो तसाच होता.

परत निघताना डावं चाक फिरेना. बोलेरोने ओढलं तर वाळूत घसरत आलं. दहा-बारा फुटांवर आतून ‘ठक्’ असा आवाज झाला आणि चाक सुटलं. मला वाटलं, गंजामुळे चिकटलं होतं, सुटलं, विषय संपला. तिथेच थांबून चाक उचलून बघायला हवं होतं.

म्हसळा ओलांडल्यावर खिडकीतून घरघर ऐकू येत होती, पण रस्ता खडबडीत म्हणून तिकडे लक्ष दिलं नाही. निजामपूरला चहाला थांबलो तेव्हा जळका वास. उजव्या हबला, म्हणजे बेअरिंग असतं त्या चाकाच्या मधल्या भागाला, हात लावला तर कोमट. डाव्यावर बाटलीतलं पाणी शिंपडलं तर चर्र करून उडून गेलं. रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे, आणि त्या ग्रीसचा रंग दुधाच्या चहासारखा. चाक वरून धरून हलवलं तर बोटभर डुगडुगत होतं. पुढे ताम्हिणी चढायचा होता. बायको आणि दोन्ही मुलं गाडीत होती. तिथल्या एका घराच्या मावशींनी अंगणात जागा दिली, ट्रेलर बोटीसकट तिथे ठेवला आणि आम्ही घरी आलो.

आता प्रश्न असे. आधी काय गेलं, बेअरिंग की ब्रेक? निजामपूरच्या मेकॅनिकने बेअरिंग बदलून दिलं तर ट्रेलर पुण्याला आणावा का? आणि इथला एक गॅरेजवाला म्हणतो, खाऱ्या पाण्यात ब्रेक टिकतच नाहीत, काढून टाका. हे बरोबर आहे का? त्याच गॅरेजमध्ये निघायच्या आठवडाभर आधी दोन्ही चाकांचं ग्रीसिंग करून घेतलं होतं, त्याचे पैसेही दिले होते. म्हणून जास्त लागलं.

विश्रांतवाडीकर

रिव्हर्सची पिन असते ना हुकाजवळ, ट्रेलर मागे घेताना ब्रेक लागू नयेत म्हणून घालतो ती. ती काढली होती का परत? राहिली असेल तर अख्खा प्रवास ब्रेकशिवाय झाला.

मुठाकाठ

काढली होती. दोन्ही वेळा. ती माझ्या किल्लीच्या जुडग्यालाच लावून ठेवतो, म्हणजे विसरायचा प्रश्न नाही.

भोसरी_लेथ

दादा, पहिल्यांदा एक गोष्ट. निजामपूरला नुसतं बेअरिंग बदलून ट्रेलर ओढू नका. हब पाण्याने चर्र करण्याइतकं तापलं म्हणजे स्टब, म्हणजे ज्या दांड्यावर हब फिरतं तो, बघितल्याशिवाय त्यावर नवीन बेअरिंग बसवणं धोक्याचं आहे. माझं भोसरीत लेथचं काम आहे, ट्रॅक्टर ट्रॉलीचे आणि छोट्या ट्रेलरचे स्टब नेहमी येतात. कशाने बिघडलं हे बहुतेक वेळा स्टबच सांगतो.

आधी ब्रेक की बेअरिंग, याचा अंदाज तुमच्याच लिहिण्यातून येतोय. रविवारी ओढताना चाक घसरलं, म्हणजे लायनर (ब्रेकचा घासणारा थर, त्यालाच लायनिंग म्हणतात) ड्रमला चिकटलेले. मग ठक्. चिकटलेला लायनर नुसता सुटला तर एवढा आवाज करत नाही. माझा अंदाज, लायनिंग शूवरून, म्हणजे ते ज्या लोखंडी कमानीवर चिकटवलेलं असतं तिच्यावरून, उखडून ड्रममध्ये राहिलंय. ते सुटं लायनिंग आत अडकून घासत राहिलं, त्याने ड्रम तापला आणि ड्रमची उष्णता हबमध्ये गेली, कारण तुमच्या ट्रेलरला ड्रम आणि हब एकच असणार. पण ग्रीस दुधाळ आहे, म्हणजे आत पाणी होतं. नुसत्या उष्णतेने ग्रीस काळं पडतं, पातळ होऊन गळतं, दुधाळ होत नाही. तेव्हा दोन्ही झालंय, आणि पाणी जास्त जुनं आहे. कदाचित मागच्या सीझनचं.

आता उघडताना काय बघायचं ते सांगतो.

टोपी काढा, स्प्लिट पिन काढा, नट काढा. बाहेरचं बेअरिंग हातात येईल. त्यावर समाधान मानू नका. खरी गोष्ट आतल्या बेअरिंगमध्ये आहे, सीलच्या, म्हणजे पाणी अडवणाऱ्या कड्याच्या, लगत. पाणी तिकडून शिरतं. पुष्कळ ठिकाणी ग्रीसिंग म्हणजे टोपी काढून बोटाने ग्रीस भरायचं आणि टोपी ठोकायची. बाहेरचं बेअरिंग चकचकीत, आतल्याला सहा वर्षांत कुणी हात लावलेला नाही. तुमच्या बाबतीत हेच झालं असेल तर आश्चर्य वाटणार नाही.

आतलं बेअरिंग रॉकेलने धुवा, उजेडात रोलर एकेक करून फिरवून बघा. रोलरवर बारीक खड्डे, किंवा कपवर (बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर) रोलरच्या अंतरावर उभ्या गंजाच्या रेषा दिसल्या तर ती उभ्या ट्रेलरची खूण. पाणी रोलरखाली साचून राहतं, तिथेच गंज धरतो. जांभळा-निळा रंग आला असेल तर पोलादाचा कडकपणा उतरला, ते फेकायचं. कप आणि कोन (रोलरसकट आतलं कडं) नेहमी जोडीने बदला. जुना कप हबमध्ये घट्ट बसलेला असतो, काढायला त्रास होतो, म्हणून लोक तो ठेवून देतात आणि नवीन कोन घालतात. तो कोन चार महिन्यांत जातो.

मग स्टब. व्हर्नियर लावून मापा. आतल्या बेअरिंगची जागा 30 मिलिमीटरची असेल, 30206 नंबरचं बेअरिंग असेल तर. कोन हाताने सरकत बसायला हवा, पण डगमगायला नको. कोन स्टबवर गरगर फिरलेला असेल तर तिथे चकाकी आलेली दिसेल आणि माप 29.9 च्याही खाली गेलेलं असेल. त्यावर पंच मारून खडबडीत करून देणारे आहेत. दोन दिवस चालतं, पुन्हा सैल होतं. नवीन स्टब करून घ्या.

तिसरी जागा म्हणजे सील ज्या कड्यावर घासतं ती. नखाने चाचपा. गंजाने खरवडलेली असेल तर कितीही चांगलं सील आणा, त्याची ओठासारखी कड तिथे कानशीवर घासल्यासारखी संपते. तिथे स्टेनलेसची बारीक स्लीव्ह (वरून बसणारी नळी) प्रेस करून घ्यावी. सील दोन ओठांचं घ्या, एक ओठ ग्रीस आत धरतो, दुसरा पाणी-चिखल बाहेर.

नट कसा आवळायचा, यातच निम्मे लोक चुकतात. चाक हाताने फिरवत फिरवत नट पान्याने चांगला आवळा, म्हणजे रोलर जागेवर बसतात. मग पूर्ण ढिला करा. मग फक्त बोटांनी जेवढा आवळेल तेवढा आवळा आणि पिनचं भोक जुळत नसेल तर मागे घ्या, पुढे नको. चाक वर-खाली धरून हलवलं तर जाणवेल न जाणवेल इतका प्ले (ढिलेपणा) हवा. स्प्लिट पिन दर वेळी नवी.

आणि एक, 12 इंची चाकामुळे हबवर जास्त ताण येतो. 145/70 चा टायर ताशी 60 ला मिनिटाला 625 च्या आसपास फेरे घेतो. तुमच्या बोलेरोचा 15 इंची टायर साडेचारशे घेतो. गाडी आरामात चाललीय असं तुम्हाला वाटतं तेव्हा मागचं छोटं बेअरिंग खूप जास्त फिरत असतं.

स्टब बोल्टवर असेल तर काढून घेऊन या. वेल्ड केलेला असेल तर सांगा, मग वेगळा विचार करू.

खाडीवाली

भोसरीच्या दादांनी सगळं बरोबर लिहिलंय, पण पाणी आत गेलं कसं ते मी सांगते, कारण माझं माहेर मालवणचं, घरात बोटी आहेत, आणि कोथरूडहून मीसुद्धा दोन वर्षं छोटा ट्रेलर ओढतेय.

मुठाकाठ दादा, तुम्ही लिहिलंय, ‘पोचल्या पोचल्या ट्रेलर पाण्यात घातला.’ तिथेच झालं. ताम्हिणी उतरून, मग दीड-दोन तास चालून हब तापलेलं असतं. आतलं ग्रीस गरम, आतली हवा फुगलेली. ते एकदम खाडीच्या गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि हब पाणी ओढून घेतं. मागच्या सीलमधून. सील नवीन असलं तरी थोडं ओढतं, जुनं असेल तर विचारूच नका. भरलेल्या बाटलीतला गरम चहा ओतून टाका, झाकण घट्ट लावा आणि नळाखाली धरा, बाटली कशी चेपते बघा. हबला चेपता येत नाही, म्हणून ते पाणी खेचतं.

माझे वडील काठावर पोचल्यावर कुणालाही ट्रेलर पाण्याजवळ नेऊ द्यायचे नाहीत. आधी बोटीचे पट्टे सोडायचे, लाईटचा प्लग काढायचा, बोटीचा बूच लावला का ते बघायचं, मग चहा. अर्धा तास. त्यानंतर हबला पालथा हात लावून बघायचे आणि गार लागलं की मग ‘घ्या’ म्हणायचे. भरती कितीही उतरत असली तरी. मी लहान असताना मला तो उशीर वाटायचा.

लाईटचा प्लग नक्की काढा. पेटलेला बल्ब गार पाण्यात गेला की तडकतो आणि खारं पाणी वायरिंगमध्ये शिरतं. तुम्ही त्याबद्दल लिहिलं नाहीत म्हणून सांगितलं.

दुसरं, हँडब्रेक. खाऱ्या पाण्यातून काढलेला ट्रेलर हँडब्रेकवर कधीच उभा करायचा नाही. ओला लायनर आणि ओला ड्रम एकमेकांना दाबून ठेवले की एका रात्रीत चिकटतात. चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा आणि ब्रेक मोकळा सोडा. ठोकळ्यांना दोरी बांधून ट्रेलरलाच अडकवून ठेवा, म्हणजे काठावर राहून जात नाहीत.

तिसरं, गोडं पाणी. बोट वर काढली की पहिल्या विहिरीवर किंवा नळावर ब्रेकच्या मागच्या प्लेटमधून भरपूर गोडं पाणी मारायचं. पाईपने, दोन-तीन मिनिटं प्रत्येक चाकाला. आम्ही 20 लिटरचे दोन कॅन गाडीत घेऊन जातो. धुतल्यावर जवळपासच दोन-चारदा हळूच ब्रेक मारत चालवायचं, म्हणजे ड्रम थोडा तापून आतून सुकतो.

ग्रीसबद्दल मात्र माझं मत वेगळं. गॅरेजवाले म्हणतात हबची पोकळी अर्धीच भरा, पूर्ण भरली तर ग्रीस तापतं. रस्त्यावरच्या ट्रॉलीला ते खरं असेल. पाण्यात जाणाऱ्या हबमध्ये मोकळी जागा म्हणजे हवा, आणि हवा आकसली की पाणी. आम्ही पूर्ण भरतो. स्प्रिंगची टोपी मिळते, तिच्यात ग्रीस भरून ठेवलं की स्प्रिंग आतून सतत हलका दाब देते. ती लावली तर निप्पलमधून (ग्रीस भरायच्या तोंडातून) ग्रीस गन बेतानेच मारा, जोर केला तर मागचं सील उडून जातं आणि ग्रीस थेट लायनरवर.

भोसरी_लेथ

ताई, पूर्ण भरण्याचं पटलं. माझ्याकडे येणारे बहुतेक ट्रॉलीचे हब असतात, ते पाण्यात बुडत नाहीत, म्हणून मी अर्ध्याचं सांगत आलो. बोटीच्या ट्रेलरला तुमचंच बरोबर.

ग्रीस कुठलं, ते राहिलं होतं. नाना पेठेत एपी-थ्री मागितलं की लिथियमचं मिळतं, गोड्या पाण्यापुरतं ते चालून जातं. खाऱ्या पाण्याला कॅल्शियम सल्फोनेटचं जास्त चांगलं, पाण्यातही धरून राहतं आणि गंज रोखतं. पण जुनं ग्रीस पूर्ण धुऊन काढा, वेगवेगळ्या जातीचं ग्रीस एकमेकांत मिसळलं की कधीकधी ताकासारखं पातळ होतं. आणि बेअरिंगमध्ये ग्रीस तळहातावर घेऊन, बेअरिंगची रुंद बाजू त्यात दाबत दाबत भरायचं, दुसऱ्या बाजूने रोलरांच्या मधून वर येईपर्यंत. वरून फासलेलं ग्रीस आत पोचत नाही.

माजी_सॅपर

ब्रेक काढून टाकायच्या सल्ल्यावर लिहितो. काढू नका. मी लष्करात इंजिनिअर्समध्ये होतो, नावा आणि पुलांचं सामान ट्रेलरवर घेऊन बरेच घाट उतरलोय. युरोपात 750 किलोच्या वरच्या ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत. तुमचा 780 चा आहे, आणि तुम्ही ताम्हिणी उतरता. ओल्या रस्त्यावर वळणात मागून 780 किलो ढकलायला लागले तर बोलेरोची शेपूट बाहेर जाते. मग समोरून येणारा मोटरसायकलवाला काय करणार? हब निखळून चाक सुटलं तरी तेच. तुम्ही निजामपूरला थांबलात, घरच्यांना गाडीने पुढे नेलं आणि ट्रेलर सोडला, हे फार चांगलं केलंत.

उतरायची पद्धत: ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेकवर पाय ठेवून तरंगत उतरू नका. तुमचे ब्रेक ढकलण्यावर चालतात, म्हणजे तुम्ही पायाने हलकासा ब्रेक धरून ठेवलात की ट्रेलरचे लायनरही सगळा घाट घासत राहतात. इंजिनाने रोखलं तरी ट्रेलर थोडा रेटतोच, पण वेग मुळात कमी असेल तर त्यातून येणारी उष्णता कमी. ब्रेक मारायचा तर ठाम मारा, वेग उतरवा, सोडा. सोडल्यावर ड्रमला गार व्हायला वेळ मिळतो.

निघाल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी पहिला थांबा, तुमच्याकडून पिरंगुट म्हणा. दोन्ही हबला पालथा हात. दोन्ही सारखे कोमट हवेत. हबवर हात ठेवता येत नसेल किंवा दोन्हींत फरक जाणवला तर पुढे जायचं नाही. मग घाट सुरू व्हायच्या आधी एकदा आणि उतरल्यावर एकदा.

हुकावर येणारं वजन बघितलंय का? एकूण वजनाच्या 5 ते 10 टक्के हवं, तुमच्या ट्रेलरला 40 ते 78 किलो. घरातला वजनकाटा लाकडी ठोकळ्यावर ठेवून हूक त्यावर टेकवा. कमी असेल तर ट्रेलर डोलतो, बेअरिंगवर बाजूने मार बसतो. साखळ्या हुकाखालून एकमेकींना छेदून लावा, हूक सुटलाच तर ट्रेलरचं तोंड रस्त्यात न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडतं.

आणि पुढच्या खेपेला एक तयार हब सोबत ठेवा. दोन्ही बेअरिंग भरलेली, सील बसवलेलं, प्लास्टिकमध्ये गुंडाळून स्टेपनीबरोबर. जॅक, पाना आणि चार स्प्लिट पिन. रस्त्याच्या कडेला अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे.

मुठाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल निजामपूरला जाऊन आलो. जे बघितलं ते लिहितो, पुढे कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

मावशींच्या अंगणात फणसाखाली बोट जॅकवर घेतली, खाली ठोकळे रचले. डावा ड्रम पुलरने ओढला तर आधी लालसर चिखल पडला आणि मग लायनिंगचा एक अख्खा तुकडा, तळहाताएवढा, वाकलेला. शूवर नुसता डिंकाचा काळा डाग राहिलेला. भोसरीचे दादा, तुम्ही न बघता सांगितलं होतं.

बाहेरच्या बेअरिंगला पिवळं, ताजं ग्रीस. आतल्या बेअरिंगला दुधाळ आणि मध्ये मध्ये कडक झालेला गोळा, बोटाने सुटेना. धुतल्यावर सात रोलर निळे, एकाचा कोपरा उडालेला. सीलच्या आतली बारीक गोल स्प्रिंग गंजून दोन ठिकाणी तुटली होती, हातात घेतली तर भुगा झाला. स्टबवर सीलची जागा नखाला खरखरीत लागली.

उजवंही उघडलं, जे निजामपूरला फक्त कोमट होतं. तिथेही बाहेर ताजं ग्रीस, आत दुधाळ. रोलर अजून चांगले, पण कपवर उभ्या गंजाच्या रेषा, अगदी लिहिल्याप्रमाणे. म्हणजे उजव्याचीही वेळ जवळ आली होती. त्या गॅरेजमध्ये परत जाऊन मालकाला दोन्ही बेअरिंगं टेबलावर ठेवून दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, पोराने टोपीच काढली असणार. पैसे परत देत होते. मी घेतले नाहीत, पण पुढच्या ट्रेलरचं आतलं बेअरिंग काढून दाखवा, एवढं सांगून आलो.

दोन्ही स्टब बोल्टवर आहेत, काढून आणलेत. डावा आतल्या बेअरिंगच्या जागी 29.84 भरला. उद्या सकाळी भोसरीला घेऊन येतो. दादा, दोन्ही नवीन करायचे की उजव्याला नुसती स्लीव्ह पुरेल? उजवा 29.98 आहे.

भोसरी_लेथ

उजव्याला स्लीव्ह पुरेल. डावा नवीन करू. दहाच्या आत या, नंतर मशीन लागलेलं असतं. येताना दोन्ही ड्रमही आणा, डाव्याच्या आत लायनिंगने ओरखडे काढले असतील, कट घेऊन बघू किती उरतं. आणि नवीन सील आधी विकत घेऊ नका. स्लीव्ह बसली की ती जागा थोडी जाड होते, त्या मापाने सील घ्यावं लागेल.